हात तोच, बॉल तोच, मग यंदा झालं काय?

बेसबॉलचा चांगला पिचर, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारा, एखाद्या सीझनला अचानक कामून ढासळतो, यावर सध्या मी भेटेल त्याच्याशी बोलायलोय आणि समोरून येणारी उत्तरं ऐकून जीव तुटायलाय. उत्तरं ठरलेली आहेत. पोराच्या डोक्यात हवा गेली. मोबाईल लई बघतो. मन लागंना झालंय त्याचं खेळात. आमच्या अक्काचं म्हणणं एकच, लेकराला नजर लागली, ती दर शनिवारी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकते. खरं सांगतो, या सगळ्यांत मला अक्काचं उत्तर जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात निदान पोराला दोष दिलेला नाही.

पोरगं म्हणजे माझा भाचा. लातूरला कॉलेजच्या बेसबॉल टीमचा पिचर. लातूर म्हटलं की लोकांना नीट, जेईई, क्लासेसच्या पाट्या आणि लातूर पॅटर्न आठवतो, पण याच गावात सकाळी ग्राउंडवर ग्लोव्ह घालून पोरं पळत असतात हे फार जणांना माहीतच नाही. शालेय स्पर्धांमध्ये बेसबॉल आहे, सॉफ्टबॉल आहे, तालुका-जिल्हा-विभाग-राज्य अशी सगळी शिडी आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण आहे, त्यामुळं आई-बाप पण आता अगदीच नाही म्हणत नाहीत. भाचा मुळात क्रिकेटवाला. आमच्याकडं प्रत्येक उंच पोराला फास्ट बॉलरच व्हायचं असतं, त्यात तुळजापूरचा राजवर्धन हंगर्गेकर २०२२ च्या अंडर-१९ वर्ल्ड कपला जाऊन आला, टीम जिंकली, मग तर काही विचारूच नका. भाच्याला बॉलिंग फार जमली नाही, पण बाउंड्रीवरून त्यानं फेकलेला बॉल थेट स्टंपात जायचा, ते सरांनी बघितलं आणि त्याला बेसबॉलमध्ये ओढलं. तिथून पुढं दोन-तीन वर्षं पोरगं नुसतं सुटलं होतं. बॅटर येतोय, तीन स्ट्राइक, जातोय. येतोय, जातोय.

आणि यंदा तोच पोरगा वॉकवर वॉक द्यायलाय. ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंत आणि होम प्लेटच्या रुंदीएवढी एक चौकट हवेत धरलेली असते, त्यात बॉल गेला की स्ट्राइक, बाहेर गेला आणि बॅटरनं बॅट घातली नाही की तो 'बॉल', असे चार झाले की बॅटर काही न करता फुकट पहिल्या बेसवर, तोच वॉक. यंदाच्या विभागीय मॅचला यानं एका इनिंगमध्येच बेस भरून दिले, मग पुढच्याला घाबरून मधोमध टाकला आणि त्यानं तो पार कुंपणाला नेऊन लावला. संध्याकाळी फोन आला. म्हणाला, "मामा, हात तोच आहे, बॉल तोच आहे, पण हातातून सुटताना कळायलाच नाही की कुठं चाललाय." मला त्या वाक्यानं झोप लागली नाही.

बेसबॉलचा नाद मला पुण्यात लागला, अमेरिकन क्लायंटच्या नाईट शिफ्टला असताना. तिकडच्या संध्याकाळच्या मॅचेस आपल्याकडं पहाटे चालू असतात, कामातून मान वर केली की स्कोअर बघायचा, मग हळूहळू माणसं ओळखीची झाली. त्या माणसांमध्ये मला सगळ्यात जास्त ओढ वाटत आली ती ढासळलेल्या पिचर्सची. जिंकलेल्यांबद्दल सगळेच लिहितात.

पहिले हे समजून घेऊ की हे काम आहे किती नाजूक. पिचर जिथून टाकतो तिथून होम प्लेट १८.४४ मीटर. आपल्या क्रिकेटच्या पिचपेक्षा दीड-पावणेदोन मीटरनं कमीच. पण बॉलरला धावत यायला मिळतं, टप्पा मिळतो, खेळपट्टी मदतीला असते. पिचरला यातलं काहीच नाही, उभ्या जागेवरून एक पाऊल पुढं टाकून सगळं अंग फिरवायचं आणि बॉल टप्पा न पडता थेट चौकटीत. होम प्लेटची रुंदी फक्त १७ इंच. आता शाळेतली भूमिती लावा. बॉल सोडताना दिशा एका अंशानं जरी चुकली तरी प्लेटपर्यंत पोचेपर्यंत तो जवळजवळ एक फूट भरकटतो. एक अंश! आणि त्यात मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, ताशी दीडशे किलोमीटरनं टाकलेला बॉल ०.४ सेकंदात पोचतो, म्हणजे फेकणाऱ्याची बोटं बॉलच्या शिवणीवरून निसटण्याची वेळ किती बारीक असेल याचा अंदाज करा. पाय जरा लवकर टेकला, खांदा जरा आधी उघडला, बस, संपलं. बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, त्याला फक्त बॉल बाहेर गेलेला दिसतो, म्हणून तो लगेच पोराच्या मनावर येतो.

रॉय हॅलडे नावाचा एक पिचर होता, टोरोंटो ब्लू जेजचा. १९९८ साली, म्हणजे वय २१, करिअरच्या दुसऱ्याच स्टार्टला, म्हणजे पहिल्या बॉलपासून टाकलेल्या मॅचला, त्यानं डेट्रॉईटच्या टीमला नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये दोन आउट होईपर्यंत एकही हिट, म्हणजे बॅटरला बेसवर पोचवणारा फटका, दिली नव्हती, अगदी शेवटी बॉबी हिगिन्सननं होम रन मारून ते मोडलं. सगळे म्हणाले हा पुढचा मोठा पिचर. आणि दोनच वर्षांनी, २००० साली, त्याचा ईआरए १०.६४. ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागं पिचरच्या नावावर किती रन लागले, चारच्या आत असेल तर ठीक, तीनच्या आत म्हणजे भारी, आणि हा माणूस दहाच्या वर. ५० पेक्षा जास्त इनिंग टाकलेल्या पिचरचा इतका वाईट सीझन मेजर लीगच्या इतिहासात कुणाचाच नव्हता. २००१ ला त्याला खाली पाठवलं, आणि खाली म्हणजे एक पायरी नाही, थेट ए-लेव्हलला, जिथं अठरा-वीस वर्षांची नवी पोरं असतात.

आता गंमत बघा, त्याचा वेग गेलेला नव्हता. हात ठणठणीत होता. मेल क्वीन नावाच्या जुन्या कोचनं त्याच्यावर काम केलं तेव्हा मुख्य गोष्ट ही निघाली की हॅलडेचा हात पार डोक्यावरून सरळ खाली यायचा आणि त्यामुळं त्याचा फास्ट बॉल कितीही जोरात असला तरी सरळ यायचा, वळत नव्हता, बॅटरला लांबूनच दिसायचा. क्वीननं हात थोडा खाली, तिरका आणायला लावला. बॉल हलायला लागला. त्याच वर्षी तो परत वर आला, २००३ ला २२ मॅच जिंकून साय यंग अवॉर्ड, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात भारी पिचरचं बक्षीस, घेतलं, २०१० ला फिलाडेल्फियाकडून परफेक्ट गेम टाकला, म्हणजे २७ बॅटर आले आणि २७ गेले, एकही बेसवर पोचला नाही. २०१७ ला विमान अपघातात गेला बिचारा, त्यानंतर दोन वर्षांनी हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं. हॅलडेच्या २००० च्या सीझनकडं बघून किती लोकांनी त्याच्या हिमतीवर, मनावर बोट ठेवलं असेल. आणि खोट मूळ कुठं होती, तर हात येण्याच्या कोनात. मनानं पण तो खचला होताच, त्याच्या बायकोनं त्याला पिचिंगच्या मानसिक बाजूवरचं एक पुस्तक आणून दिलं आणि त्याचा त्याला फार उपयोग झाला असं तो स्वतः सांगायचा, पण मला वाटतं नुसतं पुस्तक वाचून १०.६४ खाली आला नसता.

शरीराचं पण तसंच. टिम लिन्सकम, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा, उंची जेमतेम पाच फूट अकरा, अंगानं काडी, आणि तरी २००८ आणि २००९ असे लागोपाठ दोन साय यंग. एवढ्याशा अंगातून एवढा वेग कुठून काढतो म्हणून लोक चकित व्हायचे, तर तो काढायचा लांबलचक पावलातून आणि कमरेच्या जबरदस्त झटक्यातून, वडिलांनी लहानपणापासून घडवलेली ती ॲक्शन होती. २०१२ ला त्याचा ईआरए ५.१८, १५ मॅच हरला, वेग २००८ च्या मानानं ताशी चारेक मैलांनी उतरलेला. तेव्हा पण चर्चा झाल्याच, मेहनत घेत नाही वगैरे. २०१५ ला त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ज्या खुब्याच्या जोरावर तो मोठा झाला होता तोच झिजत आला होता. क्लिफ ली, क्लीव्हलँडचा, २००७ च्या सीझनआधी त्याचा पोटाचा स्नायू दुखावला, उशिरा सुरुवात झाली, लय कधी सापडलीच नाही, ईआरए ६.२९, मधूनच मायनर्सला, म्हणजे खालच्या लीगला, रवानगी, टीम प्लेऑफला गेली तेव्हा याला घेतलं पण नाही. पुढच्या वर्षी तोच माणूस २२ जिंकला आणि फक्त ३ हरला. दोन सीझनमध्ये माणूस बदलला नव्हता हो.

आणि नशीब. हा शब्द कोच लोकांना आवडत नाही, पण बेसबॉलमध्ये त्याचा हिशेब मांडलेला आहे. २००१ साली वोरोस मॅक्रॅकन नावाच्या माणसानं आकडे काढून दाखवलं की बॅटला लागून मैदानात पडलेला बॉल हिट होणार की फिल्डरच्या हातात जाणार यावर पिचरचा ताबा लोकांना वाटतो त्यापेक्षा खूपच कमी असतो. मैदानात पडलेल्या दहा बॉलपैकी साधारण तीन हिट होतात, पिचर भारी असो की साधा. एखाद्या वर्षी दहातले साडेतीन सुटले तर चांगला पिचर पण वाईट दिसतो. त्याच्या हातात आहे ते म्हणजे स्ट्राइकआउट, वॉक आणि होम रन, बाकी बरंचसं फिल्डरवर आणि दैवावर. हे मी दाजींना सांगितलं, दाजी शेतकरी माणूस, त्यांना जास्त समजवावं लागलं नाही. ते म्हणाले म्हणजे सोयाबीन फुलात असताना पावसानं तीन आठवडे दडी मारली आणि शेजारी म्हणायला लागले की याला शेती जमंना, तसंच की. म्हटलं हाव, अगदी तसंच.

यात आमच्या पोरांचं आणखी एक दुखणं आहे, त्याबद्दल मला मनापासून राग आहे. मेजर लीगचा स्टार्टर दर पाचव्या दिवशी टाकतो, सीझनला तीसच्या वर स्टार्ट मिळतात, तेव्हा कुठं आकड्यांना काही अर्थ येतो आणि तरी नशिबाचा भाग उरतोच. आमच्याकडं स्पर्धा नॉकआउट. हरलं की संध्याकाळच्या एसटीनं घरी. वर्षातून हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या खऱ्या मॅचेस, त्यातल्या दोन वाईट गेल्या की लोक सरळ म्हणतात सीझन फेल गेला, पोरगं संपलं. दोन मॅचमध्ये तर क्लिफ लीच्या २००८ मध्ये पण वाईट दिवस सापडतील! आणि तिकडच्या पिचरला वाईट दिवस पुसायला पाचव्या दिवशी दुसरा चान्स असतो, आमच्या पोराला तो दिवस महिनोन् महिने डोक्यात घेऊन फिरावं लागतं, बसस्टँडवर, कॉलेजात, जेवताना, सगळीकडं. क्रिकेटमध्ये बॉलरला मार पडला तर कॅप्टन त्याला काढून फाइन लेगला उभा करतो, दहा ओव्हरनी परत आणतो. मेजर लीगमध्ये एकदा मॅचमधून काढलं की त्या मॅचला परत नाही.

म्हणून मन बिघडतं, मी नाही म्हणत नाहीच. पण माझं म्हणणं एवढंच आहे की बहुतेक वेळा मन नंतर बिघडतं. आधी काहीतरी बारीक हलतं, पाय, कोन, स्नायू, नाहीतर नुसतं नशीब, मग बॉल बाहेर जातो, मग लोक बोलतात, मग पोरगं विचार करायला लागतं, आणि बॉल फेकायच्या ऐवजी नेम धरून ढकलायला लागतं, ढकललेला बॉल आणखीनच बाहेर जातो. बघणारे शेवटच्या टोकाला येतात आणि तिथलं दिसलेलं तेच कारण म्हणून सांगतात.

याला एक मोठा अपवाद आहे आणि तो न सांगणं बरोबर होणार नाही. स्टीव्ह ब्लास, पिट्सबर्ग पायरेट्सचा. १९७१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या फायनलमध्ये, त्यानं तिसरी आणि सातवी मॅच पूर्ण टाकून जिंकून दिली, १९७२ ला १९ विजय आणि ईआरए २.४९. १९७३ ला ईआरए ९.८५, ८९ पण पूर्ण नाहीत इतक्या इनिंगमध्ये ८४ वॉक. हात दुखत नव्हता. सरावात नीट टाकायचा, समोर बॅटर उभा राहिला की बॉल कुठंही. नाना उपाय केले, ॲक्शन बदलून बघितली, काहीच लागू पडलं नाही, १९७४ ला एकच मॅच आणि १९७५ ला खेळ सोडला. त्याचा जिवलग टीममेट रॉबर्टो क्लेमेंटे १९७२ च्या ३१ डिसेंबरला विमान अपघातात गेला होता, भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन चालला होता तो निकाराग्वाला, त्यामुळं लोक ते कारण पण लावतात. खरं कारण कुणालाच सापडलं नाही. ब्लास नंतर कितीतरी वर्षं पायरेट्सच्याच मॅचेसची कॉमेंट्री करत होता, दुसऱ्यांच्या पिचिंगबद्दल बोलत. ही गोष्ट मी भाच्याला सांगितलेली नाही आणि सांगणार पण नाही.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायलोय तो मुद्दा. गुणी पोराला असा सीझन जास्त जड का जातो? मला वाटतं, कारण त्याला आपण हे कसं करतो ते माहीतच नसतं. साधारण पोरगं एकेक गोष्ट घोकून शिकतं, पाय इथं, कोपर इथं, बोटं अशी, त्याचं बिघडलं की ते यादी काढून बसतं आणि कुठंतरी चूक सापडते. भाच्याला कुणी फेकायला शिकवलंच नाही. चिंचा पाडता पाडता, बाउंड्रीवरून थ्रो मारता मारता त्याचा हात तयार झाला, आणि जे न मागता आलं ते गेल्यावर शोधायचं कुठं? मी विचारलं, गेल्या वर्षी बॉल सुटताना काय वाटायचं तुला, तर म्हणतो, "काहीच नव्हतं वाटत मामा, नुसतं फेकायचो." नुसता जोर असणं आणि पिचिंग येणं यातलं अंतर केवढं असतं हे २००८ ला आपल्याकडच्या दोन भालाफेकीच्या पोरांनी अनुभवलं, रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल, वेगवान बॉल फेकायच्या स्पर्धेतून निवडून त्यांना पायरेट्सनं करारावर घेतलं, हात दोघांचा जबरी, पण मेजर लीगपर्यंत कुणीच पोचलं नाही. तरी बेसबॉल कधी न बघितलेली ती पोरं तिथवर गेली याचं मला अजून कौतुक वाटतं.

तर आम्ही शोधायला बसलो. गेल्या वर्षीचे मोबाईलमधले जुने व्हिडिओ मित्रांकडून गोळा केले, यंदाचे स्लो मोशनमध्ये काढले, दोन फोन शेजारी ठेवून बघितले. पहिली गोष्ट, पोरगं वर्षात चांगलं चार बोटं उंच झालंय, पाय लांब, हात लांब, आणि शरीर अजून जुन्याच मापानं चाललंय. दुसरी गोष्ट बघून तर मी उठून उभाच राहिलो. उन्हाळ्यात तो बाहेर एका कॅम्पला गेला होता, तिथं खरा माउंड, म्हणजे पिचरसाठीचा मातीचा उंचवटा होता, १० इंच उंच, पुढं उताराचा. आमच्या इथं माउंड नाही, काळ्या मातीच्या सपाट ग्राउंडवर फक्कीनं रेघ मारतात आणि रबराची पट्टी ठोकतात. उतारावर पुढचा पाय टेकायला जरा जास्त वेळ मिळतो, कारण जमीन खाली गेलेली असते, आणि हाताला तेवढ्यात पुढं यायला वेळ मिळतो. महिनाभर अंगाला ती सवय लागली. परत सपाटीवर आल्यावर पाय आधी टेकायलाय, हात मागंच राहायलाय, आणि मागं राहिलेल्या उजव्या हाताचा बॉल उंच आणि उजवीकडं जातो. यंदाचे त्याचे सगळे वॉक आठवा, बॉल बहुतेक उंच आणि उजवीकडंच गेलेत!

भाचा दोन्ही फोन हातात घेऊन परत परत बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे मी नाही का खराब झालो?" अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिला पाय, उतार, कोन काही कळलं नसेल, पण तिनं पोराचा चेहरा बघितला आणि मला म्हणाली, आता जेवूनच जा.

हेच एकमेव कारण आहे असा माझा दावा नाही. उंची पण आहे, फिल्डरच्या हातातून सुटलेले दोन कॅच पण आहेत, आणि आता डोक्यात बसलेली भीती पण आहे, ती व्हिडिओनं एका दिवसात जाणार नाही. स्पर्धेला कुठल्या ग्राउंडवर माउंड मिळेल, कुठं सपाट मिळेल, काही सांगता येत नाही, त्यामुळं दोन्हीची सवय हवी. सरांशी बोललो. ग्राउंडच्या एका कोपऱ्यात जागा द्यायला तयार झालेत. १८ फूट व्यासाचं गोल आखायचं, मध्यापासून दीड फूट मागं पट्टी, १० इंच उंची, पट्टीच्या पुढं सहा इंच सपाट आणि मग दर फुटाला एक इंच उतार. काळी माती चालणार नाही, पावसात पायाला चिकटते आणि उन्हात भेगाळते, म्हणून दाजी ट्रॅक्टरनं दोन ट्रॉल्या मुरूम आणून टाकणार आहेत, येत्या रविवारी. भाच्याचा आत्ताच फोन येऊन गेला, मुरूम दाबायला रोलर कुणाचा आणायचा म्हणून. म्हटलं क्रिकेटवाल्यांकडं मागू, देतील.